नव्याण्णव वर्षांचं घर

सिंगापूरमध्ये पत्ता सांगायला सहा आकडे पुरतात. १९९५ पासून इथे प्रत्येक इमारतीला स्वतःचा पिनकोड आहे, आणि सरकारी वसाहतीतल्या इमारतीच्या पिनकोडाचे शेवटचे तीन आकडे म्हणजे बहुधा त्या इमारतीचाच नंबर. चायनाटाउनमधल्या स्मिथ स्ट्रीटवर ३३५ नंबरची इमारत आहे, तिचा पिनकोड ०५०३३५. पोस्टमनची सोय झाली. घरांचे दलाल मात्र अजूनही त्याआधीच्या पोस्टल डिस्ट्रिक्टांच्या भाषेत बोलतात. नऊ, दहा, अकरा म्हटलं की ऑर्चर्ड, हॉलंड रोड, न्यूटन. म्हणजे श्रीमंतांचा मुलूख. भाव आधी आकड्यावर ठरतो, मग घर बघायला जायचं.

पण या शहराची खरी गोष्ट त्या तीन डिस्ट्रिक्टांत नाही. इथले दहातले जवळपास आठ रहिवासी सरकारने बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. बांधणारी संस्था हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एचडीबी’. सुमारे ९० टक्के कुटुंबांचं घर स्वतःच्या मालकीचं आहे. जगातल्या कुठल्याही महागड्या शहराला हा आकडा स्वप्नवत वाटावा. आणि याच शहरात २०२४ या एका वर्षात हजाराहून अधिक जुने सरकारी फ्लॅट प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या वर विकले गेले. गरिबांसाठी म्हणून सुरू झालेलं घर दहा लाखांचं कसं झालं, याचा माग काढत गेलं तर वाट थेट मुंबईच्या मांडवीत पोचते.

प्लेगची देणगी

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत ब्युबॉनिक प्लेगचं निदान केलं आणि मुंबई हादरली. रोग हवा-उजेड नसलेल्या दाटीत वाढतो, म्हणून दाटी फोडायची, रुंद रस्ते काढायचे, समुद्राचं वारं आत आणायचं, या विचारातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. नगरपालिकेला बाजूला ठेवून जमीन ताब्यात घेण्याचे अधिकार असलेली स्वतंत्र संस्था हा ब्रिटिश वसाहतींना सापडलेला नवा साचा होता. तो पूर्वेकडे सरकत गेला : कलकत्त्याला १९११ चा कायदा, पुढे रंगून, आणि १९२७ मध्ये सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट.

सिंगापूरला ही गरज आहे हे कागदावर मांडणारा माणूसही हिंदुस्थानातून गेलेला. डब्ल्यू. जे. सिम्पसन हे कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. सिंगापूरच्या आरोग्याचा त्यांचा अहवाल १९०७ मध्ये आला. त्यात शॉपहाउसचं वर्णन आहे. खाली दुकान, वर घर. तोंड अरुंद आणि लांबी अफाट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या, त्यामुळे खिडकी असलीच तर पुढे किंवा मागे. मधल्या सगळ्या लांबीत लाकडी फळ्या ठोकून खुराडी केलेली. एकेका खुराड्यात अख्खं कुटुंब, नाहीतर पाळीपाळीने झोपणारे मजूर. क्षय तिथे घर करून बसला होता. सिम्पसन यांनी सुचवलं की घरांच्या पाठीमागून गल्ल्या काढा, म्हणजे मैला नेता येईल आणि वारा येईल.

नव्या ट्रस्टने आधी तेवढंच केलं. मुंबईच्या ट्रस्टसारखीच त्याचीही ख्याती पाडण्यात जास्त आणि बांधण्यात कमी. तरी १९३६ पासून त्याने तिओंग बारूला गोल कोपऱ्यांची, सपाट गच्च्यांची देखणी घरं उठवली. लोक त्यांना विमानघरं म्हणत. ती परवडत होती ती कारकून आणि व्यापाऱ्यांना. खुराड्यातल्या हमालाला नाही. ३२ वर्षांत ट्रस्टने साधारण २३ हजार घरं बांधली. त्यातल्या फक्त १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत शहराची वस्ती साडेनऊ लाखांच्या आतबाहेरून साडेचौदा लाखांवर गेली होती. हिशेब उघड होता.

१९४७ हे साल दोन्ही शहरांच्या घरभाड्याच्या इतिहासात एकाच शाईने लिहिलेलं आहे. मुंबईत त्या वर्षी भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि सिंगापूरमध्येही. भाडं गोठलं, भाडेकरू वाचला, मालकाने डागडुजी सोडली आणि नव्या भाड्याच्या चाळी बांधण्यात कुणाला रस उरला नाही. पुढे सिंगापूरने तो कायदा हळूहळू सैल केला आणि २००१ मध्ये रद्दच केला. मुंबईत तो १९९९ च्या नव्या कायद्याचं रूप घेऊन आजही नांदतो आहे. सिंगापूरला तो काढणं जमलं, कारण तोवर जुन्या भाडेकरूला जायला दुसरीकडे जागा झाली होती.

आग आणि जमीन

१९५९ मध्ये ली क्वान यू यांच्या पक्षाचं सरकार आलं. १ फेब्रुवारी १९६० रोजी ट्रस्टच्या जागी एचडीबी आली. तिचे पहिले अध्यक्ष लिम किम सान हे व्यापारी होते. त्यांचा खाक्या सोपा होता : आधी आकडा गाठा, सौंदर्य नंतर. क्वीन्सटाउनमध्ये स्टर्लिंग रोडवरच्या ४५, ४८ आणि ४९ नंबरच्या इमारती त्याच वर्षी उभ्या राहिल्या. बोर्डाची ही पहिली घरं. सरळसोट, लांबलचक, प्रत्येक मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सामाईक व्हरांडा. गिरगावात वाढलेल्याला तो व्हरांडा बघून चाळीची गॅलरीच आठवेल. फरक एवढाच, की इथे नळ आणि संडास घराच्या आत होते.

२५ मे १९६१, हरी राया हाजीचा म्हणजे बकरी ईदचा सुटीचा दिवस. बुकित हो स्वी या झोपड्यांच्या वस्तीला दुपारी आग लागली. चार माणसं गेली, सुमारे १६ हजार बेघर झाली. त्याच जागेवर बोर्डाने तातडीची एका खोलीची घरं बांधायला घेतली. भाडं महिना २० डॉलर. वर्षभरात पहिली कुटुंबं परत आली. सिंगापूरच्या पाठ्यपुस्तकांत ही आग नव्या राष्ट्राच्या जन्मकथेसारखी सांगितली जाते, आणि त्यात तथ्य आहे. मात्र त्या कथेतला महत्त्वाचा भाग बांधकामाचा नाही, जमिनीचा आहे.

आगीने वस्ती साफ झाली की मालकाच्या हाती मोकळी, म्हणून महागडी जमीन येते. सरकारने कायदा असा बदलला, की आगीनंतर जमीन घेताना ती मोकळी न धरता झोपड्यांनी व्यापलेली आहे असं धरूनच मोल ठरेल. कुणाच्या आगीवर कुणी श्रीमंत होऊ नये, हे त्यामागचं तर्कशास्त्र. १९६६ मध्ये लँड ॲक्विझिशन ॲक्ट आला आणि हे तर्कशास्त्र सगळ्या बेटाला लागू झालं. पुढे तर मोबदल्याला ३० नोव्हेंबर १९७३ हा दिवस बांधून टाकला : त्या दिवशीचा भाव किंवा ताब्याच्या वेळचा, दोन्हींपैकी कमी असेल तो. मेट्रो आली, बाजार उठले, भाव चौपट झाला तरी मालकाला जुन्या तारखेचाच दर. ही तारीख नंतर पुढे सरकली, आणि पूर्ण बाजारभाव मिळायला २००७ साल उजाडावं लागलं.

हे करता आलं याचं एक कारण घटनेत आहे. १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळं होताना सिंगापूरने मलेशियाच्या घटनेतलं मूलभूत हक्कांचं प्रकरण घेतलं, पण मालमत्तेच्या हक्काचं कलम वगळलं. भारतात मालमत्तेच्या हक्कावरून सरकार आणि न्यायालयं यांची झोंबाझोंबी १९७८ पर्यंत चालली. सिंगापूरने ती सुरूच होऊ दिली नाही. १९६० मध्ये बेटावरची ४४ टक्के जमीन सरकारची होती; १९८५ मध्ये ७६ टक्के; आज सुमारे ९० टक्के. यात कांपोंग म्हणजे जुनी गावं गेली, नारळाच्या बागा गेल्या, डुकरं पाळणारे शेतकरी दहाव्या मजल्यावर गेले. स्वस्त घराची खरी किंमत आधी त्यांनी मोजली.

भाडेकरूचा मालक झाला

१९६४ मध्ये सरकारने घर भाड्याने देण्याऐवजी विकायचं ठरवलं. क्वीन्सटाउनमधला दोन खोल्यांचा फ्लॅट ४,९०० डॉलर, तीन खोल्यांचा ६,२०० डॉलर. विक्री म्हणजे काय, तर ९९ वर्षांचा पट्टा, जमीन सरकारचीच. ली क्वान यू यांचा हिशेब राजकीय होता. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांचं हे बंदर. सक्तीची लष्करी सेवा आणायची तर पोराला लढायला कारण हवं, आणि बापाच्या नावावर घर असेल तर ते कारण मिळतं.

लोकांनी सुरुवातीला फारसा उत्साह दाखवला नाही. आगाऊ रक्कम कुठून आणायची? कुलूप उघडलं १९६८ मध्ये. १९५५ पासून पगारातून सक्तीने कापला जाणारा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे सीपीएफ, घरासाठी वापरायला परवानगी मिळाली. हप्ता निधीतून परस्पर जायचा. हातात येणाऱ्या पगाराला धक्का नाही. पुढे कपात वाढत गेली आणि १९८४ मध्ये कामगार व मालक मिळून पगाराच्या ५० टक्क्यांवर पोचली. म्हाताऱ्यांची पुंजी, तरुणांचं घर आणि सरकारचं भांडवल एकाच नळाने वाहू लागलं. १९७० मध्ये २९ टक्के कुटुंबं मालक होती. १९८० मध्ये ५९. १९९० मध्ये ८८.

घरांचा तोंडवळाही बदलला. लिऊ थाई केर यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांच्या हाताखाली आखीव शहरं आली : मध्यभागी बाजार आणि बसस्थानक, भोवती शाळा, चालत जाण्याच्या अंतरावर खाण्याचे ठेले. इमारतीचा तळमजला मोकळा ठेवायची पद्धत पडली. त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. शनिवारी तिथे मलय लग्नाचा मांडव, मंगळवारी चिनी मयताचा, एरवी बुद्धिबळाचे डाव. काटकसरही होती. जुन्या इमारतींत लिफ्ट पहिला, पाचवा, नववा अशा मोजक्याच मजल्यांवर थांबायची. बाकीच्यांनी जिना चढायचा. आजीला गुडघेदुखी सुरू झाली तेव्हा, २००१ नंतर, सरकारने प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याचं काम हाती घेतलं.

इमारतीतला कोटा

मराठी कुटुंबाची या व्यवस्थेशी गाठ पडते ती इथे. मार्च १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याला मर्यादा आहे. चिनी ८७ टक्के, मलय २५, भारतीय आणि इतर आधी १३ व आता १५. जुन्या वस्त्यांसारखे एकजिनसी मोहल्ले पुन्हा होऊ नयेत आणि १९६४ सारख्या वांशिक दंगली पुन्हा भडकू नयेत, हा हेतू.

व्यवहारात ते असं चालतं. पुण्याहून नोकरीवर आलेलं जोडपं आधी भाड्याने राहतं. परदेशी भाडेकरूंनाही इमारतवार मर्यादा आहे. शिवाय फोनवर ‘भारतीय का?’ असं विचारून फोडणीच्या वासाचं कारण देणारे घरमालक भेटतातच. पुढे कायमचा रहिवास मिळतो. नवा सरकारी फ्लॅट तरीही मिळत नाही, तो नागरिकांचा. तीन वर्षं थांबून जुना फ्लॅट विकत घेता येतो. जागा आवडते, मेट्रो जवळ, बाजार जवळ. मग एचडीबीच्या संकेतस्थळावर इमारतीचा नंबर घालून पाहायचं. भारतीयांचा कोटा भरलेला असेल तर चिनी मालकाकडून घर घेता येत नाही. त्याच इमारतीतल्या भारतीय मालकाने विकायला काढलं तरच. उलट चिनी कोटा भरलेला असेल तर अडचण भारतीय मालकाची : त्याला चिनी गिऱ्हाइकाला घर विकता येत नाही. उरलेली गिऱ्हाइकं थोडी, म्हणून अनेकदा भाव पडतो. दंगली टळल्या त्याचं श्रेय या कोट्याला देणारे पुष्कळ आहेत. त्याचा भुर्दंड मात्र अल्पसंख्याकांच्या खिशाला अधिक बसतो.

निवारा की पुंजी?

१९७१ पासून सरकारी फ्लॅट खुल्या बाजारात विकायची मुभा होती, पण खरी उसळी आली १९९० च्या दशकात. तेव्हाचे पंतप्रधान गोह चोक तोंग यांच्या सरकारने घराचं मोल वाढवणं हेच धोरण केलं : जुन्या वसाहतींची डागडुजी सरकारी खर्चाने, आणि १९९३ पासून जुन्या घरावर बाजारभावाप्रमाणे कर्ज. तीन वर्षांत भाव भडकले. सट्टा आवरायला १९९६ मध्ये निर्बंध आले, पाठोपाठ आशियाई मंदी आली, आणि २००२ च्या सुमारास बोर्डाकडे १७ हजारांवर नवे फ्लॅट विक्रीविना पडून होते.

दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणं आलं. २००१ पासून ‘बिल्ड टु ऑर्डर’ म्हणजे बीटीओची पद्धत आली : पुरेशा लोकांनी अर्ज केले तरच बांधायचं. अर्ज, मग सोडत, मग तीन-चार वर्षांची वाट. ‘बीटीओसाठी अर्ज करूया का?’ हीच इथल्या तरुणाची लग्नाची मागणी, असा विनोद आहे. कारण अर्ज जोडप्याने करायचा, अविवाहिताला पस्तिशी गाठावी लागते. बांधकाम मंदावलेलं असताना बाहेरून माणसं येत राहिली आणि २००० मधली ४० लाखांची वस्ती २०१० मध्ये ५० लाखांवर गेली. घरं कमी पडली. २०११ च्या निवडणुकीत मतदारांनी राग काढला. त्यानंतर गृहनिर्माणाचं खातं नव्या मंत्र्याकडे गेलं, बांधकाम वाढलं आणि परदेशी खरेदीदारावर १० टक्के जादा मुद्रांक शुल्क बसलं. एप्रिल २०२३ पासून ते ६० टक्के आहे. लंडनमध्ये कुणी परदेशी येऊन फ्लॅट घेऊन तो रिकामा ठेवू शकतो; सिंगापूरमध्ये त्याला दीडपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात.

तरी भाव चढायचे थांबले नाहीत. डक्सटनचं उदाहरण बोलकं आहे. बोर्डाने सुरुवातीच्या काळात जिथे गरिबांसाठी भाड्याच्या इमारती बांधल्या, तिथेच पुढे ५० मजल्यांचे सात टॉवर उभे राहिले. २००४ मध्ये फ्लॅट विक्रीला निघाले तेव्हा किंमत साधारण २ लाख ८९ हजार ते ४ लाख ३९ हजार डॉलर. पाच वर्षं राहण्याची अट पुरी झाल्यावर तेच फ्लॅट दहा लाखांवर गेले. सोडतीत नंबर लागला त्याचं नशीब उघडलं. पैसा जनतेचा, फायदा एकाचा. म्हणून २०२१ पासून मोक्याच्या जागांवरच्या घरांना वेगळे नियम आले : दहा वर्षं राहायचं, आणि विकताना सवलतीचा वाटा सरकारला परत द्यायचा. २०२४ पासून सगळी नवी घरं स्टँडर्ड, प्लस आणि प्राइम अशा तीन वर्गांत विभागली आहेत.

आणि मग उरतात ती ९९ वर्षं. बरेच जण समजून चालले होते की मुदत संपायच्या आत सरकार जुनी इमारत पाडून बदल्यात नवं घर देईल. २०१७ मध्ये तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री लॉरेन्स वाँग यांनी स्पष्ट केलं, की १९९५ पासून फक्त ४ टक्के घरांना तसा लाभ मिळाला आहे. बाकीची मुदत संपली की बोर्डाकडे परत जातील. २०२० च्या अखेरीस गेलांग लोरोंग ३ इथली १९१ खाजगी रांगेतली घरं ६० वर्षांचा पट्टा संपल्यावर मोबदल्याविना सरकारजमा झाली. ती एचडीबीची नव्हती, पण धडा सगळ्यांनी घेतला. क्वीन्सटाउनमधल्या पहिल्या मालकांची मुदत २०६० च्या दशकात संपते. ज्या फ्लॅटला लोक निवृत्तीची पुंजी म्हणतात, त्याची किंमत एक दिवस शून्य होणार आहे.

दोन वचनं

सिंगापूरच्या सरकारने नागरिकाला दोन वचनं दिली. घर तुला परवडेल, हे एक. तुझ्या घराची किंमत वाढत राहील, हे दुसरं. पहिल्या पिढीला दोन्ही मिळाली, कारण जमीन जवळपास फुकटात घेतलेली होती आणि अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती. आता बापाच्या फ्लॅटची किंमत वाढते ती पोराच्या खिशातून. २०२३ च्या फेब्रुवारीत संसदेत यावरच दोन दिवस खडाजंगी झाली. विरोधकांचं म्हणणं, नव्या घराच्या किमतीतून जमिनीचा भाव वगळा. सरकारचं म्हणणं, जमीन हा राष्ट्राचा साठा, ती फुकट वाटली तर पुढच्या पिढीचं देणं बुडेल. दोघांचंही पटतं, म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

मुंबईहून शिष्टमंडळं येतात ती टॉवर बघायला. टॉवर आपल्याकडेही आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्यांना २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांचे फ्लॅट फुकट मिळू लागले. त्यांनी एवढी वर्षं सोसलं त्याची भरपाई म्हणून ते योग्यही आहे. पण तो खर्च निघतो शेजारी उठणाऱ्या विक्रीच्या मनोऱ्यांतून, म्हणजे जमीन जितकी महाग तितका प्रकल्प शक्य. सिंगापूरने नेमकं उलट केलं : आधी जमीन स्वस्तात सार्वजनिक केली, मग घर फुकट न देता परवडेल अशा भावात विकलं. आपण १९७६ मध्ये शहरी जमीन कमाल धारणा कायदा केला, त्याला पळवाटा ठेवल्या आणि २००७ मध्ये तो गुंडाळला. योगायोग असा, की सिंगापूरने जमीनमालकाला पूर्ण बाजारभाव द्यायला सुरुवात केली तीही त्याच वर्षी. तोवर त्यांचं काम झालं होतं.

सिंगापूरची जबरदस्ती आपल्या लोकशाहीत चालणार नाही आणि चालू नये. पण घर परवडण्याचा प्रश्न सिमेंटचा नसून जमिनीच्या मालकीचा आहे, एवढा धडा घ्यायला जबरदस्ती लागत नाही. मुंबईत गिरण्यांच्या जमिनी हातच्या गेल्या. बंदराच्या, रेल्वेच्या, मिठागरांच्या जमिनी अजून सरकारी आहेत. त्या विकायच्या की ९९ वर्षांच्या पट्ट्याने परवडणाऱ्या घरांसाठी राखायच्या, हा निर्णय अजून आपल्या हातात आहे. एकदा विकल्या की मग सिंगापूरचं उदाहरण देण्यात काही अर्थ उरणार नाही.